माइक कोणाचा?

कॉमेंटरी बॉक्समधलं सगळ्यात महत्त्वाचं बटण कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी ‘लेझी’ सांगतो. समालोचकाच्या पुढ्यात एक छोटी पेटी असते. तिच्यावर माइक चालू-बंद करायचा स्विच, कानातले आवाज कमी-जास्त करायच्या कळा आणि हे एक बटण. ते दाबून धरलं की तुमचा आवाज प्रक्षेपणात जात नाही, थेट खाली ओबी व्हॅनमध्ये बसलेल्या निर्मात्याच्या कानात जातो. ‘तो झेल पुन्हा दाखव’, ‘याला जरा आवर’, ‘माझी पाळी संपली, पुढचा कुठे मेलाय?’ हे सगळं या बटणावरून. मी आयुष्यभर आवाजाचंच काम केलं. वायरी ओढल्या, माइक जोडले, हेडफोन पुसून ठेवले. घरी बसलेल्यांनी जी मॅच ऐकली तीच मॅच मी कानाला हेडफोन लावून ऐकली, पण दोन्हींत पुष्कळ अंतर होतं.

मी काम केलेल्या बॉक्सांमधली नावं घेऊन कुणाची उणीदुणी काढणार नाही. ज्या घरचं मीठ खाल्लं तिथली भांडी वाजवू नयेत. पण जे छापून आलंय, कोर्टात गेलंय, साऱ्या जगासमोर घडलंय त्यावर बोलायला हरकत नाही.

आधी ही खोली कशी असते ते सांगतो. समोर काच, काचेपलीकडे मैदान, पण समालोचकाची नजर बहुतेक वेळ टेबलावरच्या मॉनिटरवर. कारण प्रेक्षकाला जे दिसतंय त्यावरच बोलायचं असतं; मिडविकेटला उडालेल्या पतंगाचं कौतुक पडद्यावर पतंग नसेल तर काय कामाचं? हातात लिप माइक. त्याची पट्टी वरच्या ओठाला टेकवायची, म्हणजे पन्नास हजारांचा गोंगाट मागे पडतो आणि तुमचा आवाज तेवढा स्वच्छ जातो. एकाच्या ओठावरून तो दुसऱ्याच्या ओठावर जातो, म्हणून आम्ही स्पिरिटचा बोळा जवळच ठेवायचो. अनेक मोठी माणसं त्या बोळ्याचा वास आला की नाक मुरडायची, आणि बोळा दिसला नाही तर ओरडायची. मागे आकडेवारीवाला चिठ्ठ्या सरकवत असतो. एसी इतका गार की मेच्या उन्हात बॉक्समध्ये स्वेटर घालून बसलेली माणसं मी बघितली आहेत. आणि भिंतीला चिकटपट्टीने लावलेला कागद, त्याला आम्ही रोस्टर म्हणतो. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या, कुणाबरोबर कोण. नाणेफेकीला कोण, बक्षीस समारंभाला कोण, शेवटच्या षटकांना कोण. सकाळी बॉक्समध्ये आल्यावर माणूस ‘गुड मॉर्निंग’च्या आधी त्या कागदाकडे बघतो. अर्धी भांडणं त्या कागदापाशी होतात. कसोटीत शेकडो धावा केलेला माणूस ‘मला जेवणानंतरचं मरगळलेलं सत्र का दिलं’ म्हणून रुसतो, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

उरलेली भांडणं माइक उघडा राहिल्यामुळे. ऑगस्ट 2006 मध्ये कोलंबोला श्रीलंका-दक्षिण आफ्रिका कसोटी चालू होती. हाशिम आमलाने झेल घेतला आणि समालोचक डीन जोन्स त्याला ‘दहशतवादी’ म्हणाला. जाहिराती लागल्यात अशी त्याची समजूत. पण दक्षिण आफ्रिकेत जाहिरात लागलेली नव्हती, तिथं हे जसंच्या तसं ऐकू गेलं. जोन्सने माफी मागितली, वाहिनीने त्याला लगेच काढलं, आणि पुढचं विमान पकडून तो घरी गेला. आमच्या धंद्यात नव्या पोराला पहिल्या दिवशी हे सांगतात: माइक नेहमी चालूच आहे असं धरून चाल. दाढीवाल्या मुसलमान खेळाडूबद्दल असं बोलायचंच नसतं, माइक बंद असला तरी, हे मात्र त्या पोराला वेगळं सांगावं लागतं.

पण हे सगळे वरवरचे तंटे. खरा तंटा एकच आहे आणि तो टीव्हीच्या फार आधीपासूनचा आहे: हा माइक कोणाचा? ज्याच्या तोंडापुढे आहे त्याचा, की ज्याने वायर ओढून आणली त्याचा?

सुरुवात आपल्या मुंबईत झाली. 1934 साली एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी आणि मुसलमान संघांत चौरंगी स्पर्धेचा सामना होता. नभोवाणीचं नाव ‘ऑल इंडिया रेडिओ’ व्हायलाही अजून दोन वर्षं होती. त्या सामन्याचं धावतं वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान या पारशी गृहस्थाने केलं. सगळी मुंबई त्यांना ‘बॉबी’ म्हणायची. हिंदुस्थानातलं क्रिकेटचं हे पहिलं धावतं वर्णन मानतात. बॉबी एकटे बोलायचे. सकाळी सुरू झाले की जेवण आणि चहा सोडला तर खेळ संपेपर्यंत तेच. शेजारी तज्ज्ञ नाही, आकडेवारीवाला नाही, दम खायला दुसरा आवाज नाही. तेव्हा चौरंगीची पंचरंगी झाली, धर्मावर उभी असलेली ही स्पर्धा बंद करा म्हणून गांधीजींनी सांगितलं, वर्तमानपत्रांत रणं माजली. पण रेडिओजवळ बसलेल्या माणसाला सामना म्हणजे बॉबीचा भारदस्त आवाज एवढंच ठाऊक होतं.

स्वातंत्र्यानंतर 1948-49 च्या मोसमात वेस्ट इंडीजचा संघ आला. आकाशवाणीने ठरवलं की या मालिकेला तीन समालोचकांचं मंडळ असेल, आळीपाळीने बोलतील. आज हे ऐकून कुणाच्या भुवईचा केस हलणार नाही. पण बॉबी म्हणाले, माझ्या माइकवर दुसरा बसणार नाही. आकाशवाणी म्हणाली, माइक सरकारचा आहे. बॉबी उठून गेले. आपल्याकडच्या समालोचनाच्या इतिहासातला हा पहिला ‘वॉकआउट’, आणि तो पगारावरून नव्हता, शिवीगाळीवरून नव्हता. खुर्ची वाटून घ्यायची नाही म्हणून होता.

मला विचाराल तर आकाशवाणीचं बरोबर होतं. पाच दिवस एक माणूस बोलत राहिला तर तो खेळापेक्षा स्वतःचंच ऐकायला लागतो. पण बॉबींच्या हट्टात एक गोष्ट होती, ती पुढे हरवली. तो माणूस ऐकणाऱ्याशी बांधलेला होता, नेमणूक करणाऱ्याशी नाही. नोकरी गेली तर गेली, पेपरातला स्तंभ आहे, ‘डू यू गेट मी, स्टीव्ह?’ असं ठरलेल्या पालुपदाने विचारत तिथे पुन्हा धारेवर धरीन, अशी ऐट. आणि त्यांनी ते केलंही, म्हातारपणापर्यंत.

मंडळ आलं आणि मंडळाबरोबर मानपान आला. विझियानगरमचे महाराजकुमार, म्हणजे ‘विझी’, 1936 च्या इंग्लंड दौऱ्याचे कप्तान, पुढे समालोचक झाले. कप्तान म्हणून त्यांनी लाला अमरनाथला दौरा अर्धवट टाकून घरी धाडलं होतं. समालोचक म्हणून त्यांनी कुणाला घरी धाडलं नाही, पण ऐकणारे आपणहून रेडिओपासून उठायचे, असं जुने लोक म्हणत. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट क्रिकेटवाल्यांत अजून फिरते. विझी आपण किती वाघ मारले ते वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हायला रंगवून सांगत होते. कन्हाय म्हणे म्हणाला, तुम्ही जंगलात ट्रान्झिस्टर लावून ठेवत असाल, तुमचं समालोचन ऐकून वाघ कंटाळून मरत असतील. खरी असो नसो, गोष्ट टिकली यातच विझींच्या समालोचनाचं परीक्षण आलं.

विजय मर्चंट मात्र वेगळे. जानेवारी 1960 मध्ये ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेगने अर्धशतक केलं आणि एका तरुणीने मैदानात धावत जाऊन त्याचा मुका घेतला. साऱ्या मुंबईच्या गप्पांना महिनाभराचं खाद्य. माइकवर मर्चंट होते. मी शतकं आणि द्विशतकं ठोकत होतो तेव्हा या उत्साही मुली कुठे होत्या, असं ते म्हणाले. कोट घालून बसलेल्या, शिस्तीच्या, कापडगिरणीच्या मालकाच्या तोंडून हे आलं म्हणून ते अजून लोकांच्या लक्षात आहे.

मराठीत बाळ ज. पंडितांनी धावतं वर्णन घरोघर नेलं. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, पुण्याचे. पुढे ‘महाराष्ट्र टाइम्स’चे वि. वि. करमरकरही त्या माइकवर बसले. आमच्या चाळीत इंग्रजी कॉमेंटरी सुरू झाली की बायका रेडिओचा आवाज कमी करायच्या आणि मराठी लागली की वाढवायच्या. क्रिकेट कळण्यासाठी इंग्रजी यायला लागत नाही हे आमच्या मजल्यावर त्या आवाजांनी पटवलं. या मंडळींचे मतभेद नसतील असं नाही, पण भांडायला लागतील इतके पैसे कुणालाच मिळत नव्हते. फी तुटपुंजी, प्रवास रेल्वेचा.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. पहिली कित्येक वर्षं टीव्हीवर बसलेले लोक रेडिओसारखंच बोलायचे, ‘गोलंदाज धावत येतोय, फलंदाजाने बॅट पुढे केली’. अरे, दिसतंय की आम्हाला! काही मिनिटं हिंदी, काही मिनिटं इंग्रजी, आणि पाळी बदलताना नेमका गडी बाद. या काळाबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. सरकारी खातं, सरकारी रजिस्टर, ओळखीने नेमणुका, आणि क्रिकेट मंडळाविरुद्ध किंवा निवड समितीविरुद्ध चकार शब्द नाही. त्या काळच्या समालोचनाला आज लोक ‘सभ्य’ म्हणतात. मला ते घाबरट वाटायचं.

टीव्हीवर बोलायचं कसं हे शिकवलं ऑस्ट्रेलियाने. 1977 मध्ये केरी पॅकरने क्रिकेटपटू विकत घेऊन आपली वेगळी स्पर्धा काढली, दोन वर्षांनी तिथल्या मंडळाने तह केला आणि प्रक्षेपण पॅकरच्या चॅनल नाइनकडे गेलं. त्या बॉक्समध्ये रिची बेनॉ, बिल लॉरी, टोनी ग्रेग, इयन चॅपेल. ग्रेग आणि लॉरी अख्खा उन्हाळा एकमेकांना टोमणे मारायचे. लोकांना वाटायचं यांचं आता जुंपणार. ते नाटक नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण चांगलं नाटक होतं, आणि त्यामागे निर्मात्याचं डोकं होतं: दोन वेगळ्या स्वभावांची माणसं शेजारी बसवा, तारा आपोआप झंकारतील.

खरी परीक्षा 1 फेब्रुवारी 1981 ला मेलबर्नला झाली. शेवटच्या चेंडूवर न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा धावा हव्या. कप्तान ग्रेग चॅपेलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू हाताखालून घरंगळत टाकायला सांगितला. नियमात बसणारी, पण लाज आणणारी गोष्ट. बेनॉने दिवसाचा समारोप करताना ते लांच्छनास्पद आहे असं स्वच्छ सांगितलं, आणि क्रिकेटच्या मैदानावर पाहिलेल्या सगळ्यात वाईट गोष्टींत त्याची गणना केली. आता गंमत बघा. ऑस्ट्रेलियन क्रिकेट विकायचं कंत्राट पॅकरच्याच कंपनीकडे. बेनॉ पॅकरचा पहिल्या दिवसापासूनचा सल्लागार. थोरला भाऊ इयन चॅपेल त्याच वाहिनीच्या समालोचकांतला, आणि त्यानेही भावाची गय केली नाही. माइक मालकाचा, मालही मालकाचा, तरी जीभ बेनॉची. मला हे फार मोठं वाटतं. पैसा देणारा सगळीकडे असतोच. त्याने शब्द विकत घेतले की नुसता वेळ, एवढंच बघायचं.

आपल्याकडे हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. 1993 च्या नोव्हेंबरात बंगालच्या क्रिकेट संघटनेने हीरो कप भरवला आणि प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शन खवळलं. तोवर सामने दाखवण्यासाठी उलट मंडळानेच दूरदर्शनला पैसे मोजायचे, अशी पद्धत होती. आता म्हणे दूरदर्शनने मंडळाला द्यायचे! 1885 च्या टेलिग्राफ कायद्याचं बोट धरून सरकार म्हणालं, या देशातून लहरी सोडायचा अधिकार फक्त आमचा. कंपनीची यंत्रसामग्री कस्टम्सने अडवून धरली. आमच्यासारख्यांना हे कानावर येत होतं, आणि आमच्या पोटात गोळा, कारण कॅमेरे सुटले नाहीत तर रोजंदारी बुडाली. कलकत्ता हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, धावाधाव. शेवटी उपांत्य सामन्यात सचिनने शेवटचं षटक टाकून दक्षिण आफ्रिकेला सहा धावा करू दिल्या नाहीत, ते देशाने पाहिलं.

निकाल 9 फेब्रुवारी 1995 ला आला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी. आपल्या सावंतांनी लिहिलं त्याचा गाभा असा: आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही. आणि बारकाईने वाचलं तर दिसतं की खासगी मक्तेदारीबद्दलही कोर्टाला तेवढीच धास्ती होती. लोकांनी पहिला अर्धा भाग लक्षात ठेवला. दुसरा कुणी विचारात घेतला नाही.

दूरदर्शनच्या तावडीतून माइक सुटला आणि पहिली काही वर्षं खरोखर मजा आली. परदेशी निर्माते आले, बेनॉच्या शाळेतले. गप्प राहायला शिका, चित्राला बोलू द्या, असं ते शिकवायचे. गावसकर आणि रवी शास्त्री बॉक्समध्ये आले तेव्हा दादर-माटुंग्याचा खडूसपणा इंग्रजीतून जगभर गेला. 2003 च्या विश्वचषकात सेट मॅक्सने अभिनेत्री मंदिरा बेदीला खेळाडूंच्या पंक्तीला बसवलं. तिने पुढे अनेकदा सांगितलं की शेजारी बसलेले माजी खेळाडू तिच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून आपल्याला हवं तेच बोलायचे. तिच्या साडीवर आणि ब्लाउजवर चर्चा झाल्या, तिच्या प्रश्नांवर झाल्या नाहीत. सी. के. नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू सत्तरच्या दशकात इंदूरला माइकवर बसल्या होत्या, पण चौथाई शतक उलटलं तरी बॉक्समधली पुरुषी खुर्ची तशीच होती.

मग 2008 ला आयपीएल आली आणि माइक तिसऱ्या हातात गेला. आता प्रक्षेपणाचं चित्रीकरण मंडळच करून घेऊ लागलं, आणि समालोचकही मंडळच नेमू लागलं. षटकार गेला की त्याला प्रायोजकाच्या नावाने ‘डीएलएफ मॅक्झिमम’ म्हणायचं, झेल घेतला की ‘कार्बन कमाल कॅच’. जन्मभर ‘सिक्स’ म्हणत आलेली माणसं ते म्हणताना क्षणभर अडखळायची. दोन-तीन सामन्यांत सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

गावसकर आणि शास्त्री हे आयपीएलच्या गव्हर्निंग कौन्सिलवरही होते, म्हणजे स्पर्धा चालवणारे आणि तिचं वर्णन करणारे तेच. 2011 च्या सुमारास दोघांच्या मंडळाशी असलेल्या कराराचा आकडा वर्तमानपत्रांत छापून आला: वर्षाला 3.6 कोटी, प्रत्येकी. पैशाचं मला काही नाही. खेळून कमावलेलं नाव आहे, त्यांनी घ्यावं. पण तो आकडा प्रेक्षकाला पडद्यावरून कळला नाही, पेपरातून कळला, हे मला खटकलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यात नासिर हुसेन आणि शास्त्री यांची डीआरएसवरून, म्हणजे पंचांच्या निर्णयाच्या फेरतपासणीवरून, हवेतच जुंपली. हुसेन म्हणाला, भारतीय मंडळ अडवून बसलंय; शास्त्रींनी मंडळाची बाजू लावून धरली. ऐकणाऱ्याला वाटलं दोन माजी कप्तान वाद घालतायत. पण त्यातल्या एकाचा मंडळाशी करार होता.

2012 च्या अखेरीला इंग्लंडचा संघ इकडे आला. स्टेडियममध्ये बॉक्सला जागा देण्यासाठी मंडळाने जादा पैसे मागितले, स्काय वाहिनी अडून बसली, आणि तिच्या समालोचकांनी भारतातली कसोटी मालिका लंडनच्या स्टुडिओत बसून सांगितली. काचेपलीकडे मैदान नाही, गर्दीचा वास नाही, फक्त मॉनिटर. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा संघ यायचा होता. इयन चॅपेलने समालोचनाचं निमंत्रण नाकारलं. डीआरएस, संघनिवड आणि मंडळाचा कारभार यांवर बोलायचं नाही अशी अट असल्याचं त्याने सांगितलं. भावाची गय न करणारा माणूस, तो मंडळाची काय करणार?

2014 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने गावसकरांना त्या मोसमाच्या आयपीएलपुरतं मंडळाचं हंगामी अध्यक्षपद दिलं. तेव्हा त्यांना समालोचन सोडावं लागलं, आणि बुडणाऱ्या मानधनाची भरपाई मंडळाने करावी असंही कोर्टाने म्हटलं. माइक आणि खुर्ची एका माणसाने एकाच वेळी धरायची नाहीत, हे आपल्याकडे कागदावर यायला इतका काळ लागला.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो. हर्षा भोगले आणि संजय मांजरेकर. दोघंही मराठी घरातले. हर्षा हैदराबादचा, केमिकल इंजिनिअर, अहमदाबादच्या आयआयएमचा. मोठं क्रिकेट न खेळता निव्वळ तोंडाच्या आणि अभ्यासाच्या बळावर वर आलेला. संजय दादरचा, विजय मांजरेकरांचा मुलगा, 37 कसोटी खेळलेला, तंत्र तोलून मापून बोलणारा. दोन टोकं. चांगल्या बॉक्सला अशी दोन टोकं लागतात.

मार्च 2016 मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात भारताने बंगळूरला बांगलादेशला एका धावेने हरवलं. त्याच रात्री अमिताभ बच्चनने ट्विट केलं की भारतीय समालोचकाने सतत दुसऱ्यांचंच कौतुक करण्यापेक्षा आपल्या खेळाडूंबद्दल बोलावं. नाव घेतलं नव्हतं. धोनीने ते पुढे पाठवत म्हटलं, यात भर घालायला काही नाही. आयपीएल तोंडावर आली आणि हर्षाचं नाव यादीतून गायब. नागपूरच्या जामठ्याच्या मैदानावर एका पदाधिकाऱ्याशी त्याचा खटका उडाला होता असंही छापून आलं. हिंदी आणि इंग्रजी बॉक्समध्ये येता-जाता मध्ये लागणाऱ्या जागेवरून. खरं कारण काय? हर्षाने स्वतः लिहिलं की त्याला कुणी काही सांगितलंच नाही. बॉबी तल्यारखानांना निदान माहीत होतं आपण का उठलो ते. पुढच्या वर्षी हर्षा परत आला, तसाच अचानक, तेवढ्याच गुपचूप.

2019 च्या विश्वचषकात संजयने रवींद्र जडेजाला ‘तुकड्यातुकड्यांचा’ खेळाडू म्हटलं. जडेजाने ट्विटरवर त्याला जो शब्द वापरला तो इथे लिहिण्यासारखा नाही. मग मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात जडेजाने 59 चेंडूंत 77 केल्या आणि अर्धशतकानंतर बॉक्सच्या दिशेने तलवारीसारखी बॅट फिरवली. संजयने नंतर कबूल केलं की जडेजाने आपल्याला फाडून काढलं. माझ्या मते संजयचं मत फारसं चुकीचं नव्हतं, शब्द चुकला. 2022 ला दुबईत सामन्यानंतर माइक धरून उभ्या असलेल्या संजयने हसत विचारलं, माझ्याशी बोलायला चालेल ना? जडेजाही हसला. खेळाडूंचं असंच असतं, मिटतं.

पण नोव्हेंबर 2019 ची ईडन गार्डन्सची गोष्ट मिटली तरी राहिली. भारतातली पहिली प्रकाशझोतातली कसोटी, गुलाबी चेंडू. बांगलादेशचे फलंदाज डोक्याला चेंडू खात होते. हर्षा म्हणाला, चेंडू नीट दिसतोय का, मागच्या पडद्याचा काय परिणाम, हे खेळाडूंना विचारायला हवं. संजयने माइकवर उत्तर दिलं, त्याचा आशय असा: तुला विचारावं लागेल, आम्ही खेळलोय, आम्हाला अंदाज येतो. एक क्षण गेला. हर्षा शांतपणे म्हणाला की खेळलेला असणं ही शिकण्याची मर्यादा होऊ नये, नाहीतर खेळात नवं काही आलंच नसतं.

त्या रात्री लोकांनी हर्षाचा जयजयकार केला आणि संजयला झोडपलं. त्याने नंतर माफीही मागितली. मी जन्मभर असले पॉज ऐकत आलो. कानात निर्माता काय म्हणाला असेल, कुणाचं बोट ‘लेझी’वर गेलं असेल, याचा विचार मला आधी सुचला. आणि मग हे सुचलं की खेळलेला विरुद्ध न खेळलेला हा बॉक्समधला रोजचा, जुना, चावून चोथा झालेला वाद आहे. फक्त तो लेझी दाबून होतो. त्या दिवशी बटण दाबलं गेलं नाही.

मार्च 2020 मध्ये मंडळाने संजयला यादीतून काढलं. ईडनमुळे, जडेजामुळे की आणखी कशामुळे, जाहीर कारण नाही. त्याने पत्र लिहून, नियमांत राहून काम करीन असं कळवलं. 37 कसोटी खेळलेल्या माणसाला मंडळाला असं पत्र लिहावं लागतं, त्या वर्षीच्या आयपीएललाही त्याला बोलावलं जात नाही, आणि बॉक्समधल्या त्याच्या सहकाऱ्यांपैकी फारसं कुणी माइकवर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. हर्षाच्या वेळीही नव्हतं काढलं. मंडळावर बोलायचं नाही हे एकदा मान्य केलं की शेजारची खुर्ची रिकामी का, हेही बोलता येत नाही.

अलीकडचंही असंच. 2025 च्या आयपीएलच्या समालोचकांत इरफान पठाण नव्हता. त्याच मोसमात हर्षा आणि सायमन डूल ईडनच्या खेळपट्टीबद्दल काहीतरी बोलले, तर बंगालच्या संघटनेने मंडळाला पत्र लिहिलं की यांना इथल्या सामन्यांना नेमू नका. 1993 मध्ये सरकारची मक्तेदारी मोडायला कोर्टात गेलेली संघटना हीच, हे सहज नोंदवून ठेवतो.

यात एक बरी गोष्टही आहे. 2023 च्या आयपीएलपासून जिओसिनेमावर मराठीत समालोचन आलं. पुण्याचा केदार जाधव त्या मोसमात मराठीतून बोलत होता, आणि मध्येच बंगळूरच्या संघाला खेळाडू कमी पडला म्हणून त्यांनी त्यालाच उचलून मैदानात नेलं. बाळ पंडितांना हे ऐकून फार मौज वाटली असती.

शेवटी एक मागणं. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीला जोखमीची सूचना द्यावी लागते. वर्तमानपत्रात पैसे घेऊन छापलं तर वर ‘जाहिरात’ असं लिहावं लागतं. मग सामना सुरू होताना पडद्यावर एक ओळ का नको, की आज बोलणाऱ्या या मंडळींना मानधन अमुक संस्था देते, आणि अमुक विषयांवर बोलायला त्यांना मनाई आहे? लहरी आपल्या मालकीच्या आहेत हे सुप्रीम कोर्टाने सांगून तीस वर्षं झाली. वाहिनीला, मंडळाला, जमेल त्याला पत्र लिहा. ती ओळ पडद्यावर टाकायला व्हॅनमध्ये बसलेल्या ग्राफिक्सच्या माणसाला दोन मिनिटंही लागत नाहीत.